८० ठिकाणी हाडं मोडली तरी वाचला आणि मग लोकांना हिमस्खलन शिकवत राहिला

फेब्रुवारी २०१६. सियाचीनच्या सोनम पोस्टवर बर्फाची भिंत कोसळली आणि १० जवान गाडले गेले. त्यात आपल्या सातारा जिल्ह्यातलाही एक जवान होता. त्या दिवसांत हिमस्खलन हा शब्द घराघरांत पोहोचला.

याच्या बरोबर १०० वर्षं आधी, फेब्रुवारी १९१६ मध्येच, ऑस्ट्रियात एक ६० वर्षांचा माणूस अशाच बर्फाखाली सापडला होता. त्याचं नाव माथियास झ्दार्स्की. स्की करणाऱ्यांच्या जगात हे नाव आजही आदरानं घेतलं जातं.

झ्दार्स्कीचा जन्म २५ फेब्रुवारी १८५६ चा, मोराव्हियातला. म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकातला. लहानपणीच एका डोळ्याची दृष्टी गेली. तरी पठ्ठ्या शिक्षक झाला, चित्रकार झाला, शिल्पं करू लागला. मग १८८९ मध्ये हे सगळं सोडून त्यानं लिलिएनफेल्ड गावाजवळ डोंगरात एक शेत घेतलं आणि तिथेच राहायला गेला.

हिवाळ्यात तिथं कमरेएवढा बर्फ. बाहेर पडायचं कसं? त्याच सुमारास ग्रीनलँड स्कीवरून पार करणाऱ्या नान्सेनचं पुस्तक त्याच्या हाती पडलं. लगेच नॉर्वेहून स्की मागवल्या. त्या निघाल्या जवळपास तीन मीटर लांब! नॉर्वेच्या मोकळ्या माळांवर त्या ठीक होत्या, पण आल्प्सच्या कड्यांवर त्या वळायलाच तयार नव्हत्या. शिवाय पाय नुसता पट्ट्यानं बांधलेला, त्यामुळे तो डावीउजवीकडे घसरायचा.

झ्दार्स्कीनं स्की कापून आखूड केल्या आणि पाऊल घट्ट धरणारी पोलादी पट्टी स्वतः तयार केली. टाच वर उचलता येई, पण पाय बाजूला हलत नसे. हातात दोन काठ्यांऐवजी एकच लांब काठी. या जोरावर तो उभ्या उतारावरून हव्या त्या ठिकाणी वळत, थांबत खाली येऊ लागला. १८९६ मध्ये त्यानं या पद्धतीवर पुस्तकही काढलं. नॉर्वेची पद्धत मानणारे त्याच्यावर तुटून पडले आणि हा वाद वर्षानुवर्षं चालला. १९ मार्च १९०५ ला त्यानं मुकेनकोगेल डोंगरावर ८५ फाटकांची स्पर्धा घेतली. आजच्या स्लॅलमची सुरुवात अनेक जण तिथून धरतात. विशेष म्हणजे हजारो लोकांना त्यानं फुकट शिकवलं.

मग पहिलं महायुद्ध आलं. ऑस्ट्रिया आणि इटलीचं सैन्य थेट आल्प्सच्या शिखरांवर समोरासमोर उभं राहिलं. सैनिक बंदुकीला घाबरत होते, पण बर्फ त्यांच्यापैकी कित्येकांनी आधी नीट पाहिलाही नव्हता. त्यांना डोंगरात कसं चालायचं, कुठल्या उताराखाली थांबायचं नाही, हे शिकवायला झ्दार्स्कीला बोलावलं गेलं.

२८ फेब्रुवारी १९१६. साठावा वाढदिवस होऊन तीनच दिवस झाले होते. कारिंथिया भागात बर्फाखाली सापडलेल्यांच्या मदतीला गेलेला असताना त्याच्याच अंगावर हिमस्खलन आलं. बाहेर काढलं तेव्हा मोडलेली आणि निखळलेली हाडं मिळून आकडा ८० च्या घरात गेला होता. आता तुम्ही म्हणाल, बर्फ तर मऊ असतो! मोकळा, ताजा बर्फ मऊ असतो. पण वाऱ्यानं दाबून घट्ट झालेला थर खालच्या कच्च्या थरावरून सुटला की त्याच्या लाद्या होतात, आणि त्या माणसाला अक्षरशः पिळून काढतात. थांबल्यावर तोच बर्फ आवळून बसतो, बोटही हलवता येत नाही.

त्याच वर्षी १३ डिसेंबरला मार्मोलाडा पर्वतावर ऑस्ट्रियन छावणीवर हिमस्खलन झालं आणि एका सकाळी अडीचशेहून जास्त सैनिक गेले. छावणीची जागा धोक्याची आहे, हे तिथल्या अधिकाऱ्यानं आधीच वर कळवलं होतं. जागा काही बदलली नाही.

झ्दार्स्की मात्र हार मानणाऱ्यातला नव्हता. शरीर पुन्हा हलतं करायला त्यानं स्वतःच उपकरणं बनवली, आणि कालांतरानं तो परत स्कीवर उभा राहिला! १९२९ मध्ये त्यानं हिमस्खलनावर पुस्तक लिहिलं. बर्फ दिसायला निरुपद्रवी असतो आणि त्याच दिसण्यानं माणूस फसतो, हे तो परत परत बजावत असे.

आज हिवाळी डोंगरात जाणाऱ्यांना शिकवतात की साधारण ३० ते ४५ अंशांच्या उतारावर सगळ्यात जास्त सावध राहा, धोक्याचा पट्टा एकेकानं ओलांडा, अंगावर सिग्नल देणारं यंत्र ठेवा, पाठीवर फावडं आणि शोधकाठी ठेवा. कारण गाडलेल्या माणसाला पहिल्या १५ मिनिटांत काढलं तर वाचण्याची शक्यता खूप असते, त्यानंतर ती झपाट्यानं घसरते. म्हणजे मदत बाहेरून येईपर्यंत वेळ निघून गेलेला असतो, सोबतच्यांनीच उकरावं लागतं. झ्दार्स्कीच्या काळी असं यंत्र नव्हतं.

२० जून १९४० ला वयाच्या ८४ व्या वर्षी तो गेला. वादळात अडकलेले गिर्यारोहक अंगावर ओढून घेतात ती कापडी पिशवीही त्यानंच आणली. जर्मन बोलणारे गिर्यारोहक तिला आजही झ्दार्स्की पिशवी म्हणतात.