खाशाबांच्या नशिबाची कुस्ती

ज्या फेरीत पदके ठरायची त्या फेरीतल्या दोन्ही कुस्त्या हरलेला मल्ल ऑलिंपिकचे पदक घेऊन घरी परततो, हे ऐकायला विचित्र वाटते. परंतु 23 जुलै 1952 रोजी फिनलंडच्या हेलसिंकी शहरात नेमके हेच घडले. कराडजवळच्या गोळेश्वर गावचे खाशाबा दादासाहेब जाधव कुस्तीच्या बँटमवेट गटात, म्हणजे 57 किलोपर्यंतच्या गटात तिसरे आले. स्वतंत्र भारताला मिळालेले ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक.

हे पदक त्यांना नशिबाने मिळाले, असे म्हणणारे आहेत आणि नशिबाने त्यांचे सुवर्ण हुकले, असे म्हणणारेही आहेत. लाखनीसारख्या गावात राहून आयुष्यभर शाळा-कॉलेजच्या स्पर्धा पाहत आलेल्या मला या दोन्ही मतांचे सारखेच कुतूहल वाटत आले आहे. खेळात नशिबाचा वाटा असतो हे कुणी नाकारणार नाही. पण हे नशीब येते कुठून आणि कुणाच्या पावलांनी येते, हे पाहायचे असेल तर खाशाबांच्या चरित्राइतके चांगले उदाहरण महाराष्ट्रात दुसरे नाही.

खाशाबांचा जन्म 15 जानेवारी 1926 चा. वडील दादासाहेब स्वतः पहिलवान. पाच भावांत खाशाबा धाकटे. आमच्या विदर्भात ज्याला आखाडा म्हणतात, त्याला तिकडे तालीम म्हणतात, एवढाच फरक. लाल माती दोन्हीकडची सारखीच. घरातच वस्ताद असल्यामुळे पोराला लहानपणीच मातीची गोडी लागली. कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये शिक्षण चालू असताना बेचाळीसची चळवळ आली. सातारा जिल्हा तेव्हा पेटलेला होता. भूमिगत कार्यकर्त्यांना आसरा देण्याच्या कामात हा शाळकरी मुलगाही होता.

पुढे कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात ते दाखल झाले. इथेच त्यांच्या नशिबाची पहिली कुस्ती झाली, असे म्हणता येईल. खाशाबा अंगाने सडपातळ, उंचीने बेताचे. पहिलवान म्हटला की रुंद छाती आणि पिळदार मांड्या डोळ्यांसमोर येतात. असे सांगतात, की कॉलेजच्या वार्षिक स्पर्धेसाठी नाव द्यायला ते गेले, तेव्हा हा किरकोळ मुलगा काय लढणार, म्हणून त्यांचे नाव घ्यायलाच नकार मिळाला. खाशाबा थेट प्राचार्यांकडे गेले. प्राचार्यांनी परवानगी दिली आणि मग एकेक गडी आपल्याहून थोराड पोराखाली जाऊन नव्हे, तर या सडपातळ पोराखाली जाऊन चितपट होऊ लागला. प्राचार्यांनी त्या दिवशी खोलीचे दार लावून घेतले असते, तर पुढचे सारे घडले असते का, हा प्रश्न मनात आल्यावाचून राहत नाही.

1948 साली खाशाबा लंडन ऑलिंपिकला गेले. खर्चाचा भार कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला. तोपर्यंत खाशाबांची सारी कुस्ती मातीतली. मातीतल्या कुस्तीचा कायदा सरळ असतो. पाठ लागली की कुस्ती निकाली. लंडनमध्ये समोर आली ती मॅट आणि तिच्यावरचा गुणांचा हिशेब. पाठ न लावताही तिथे कुस्ती जिंकता येते आणि पाठ न लागताही हरता येते. हा नवा व्यवहार त्यांनी तिथल्या तिथे शिकून घेतला. रीस गार्डनर या परदेशी प्रशिक्षकाचे मार्गदर्शन त्यांना तिथे लाभले. फ्लायवेट गटात ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेच्या मल्लांना हरवून, इराणच्या मन्सूर रईसीकडून हार घेऊन, खाशाबा सहावे आले. पहिल्यांदाच मॅटवर उतरलेल्या माणसासाठी हे यश थोडे नव्हते. पण त्यांचे समाधान झाले नाही. पुढची चार वर्षे त्यांनी वजन वाढवले, मेहनत वाढवली आणि वरच्या गटाची तयारी केली. ढाक हा त्यांचा हुकमी डाव. प्रतिस्पर्ध्याची मान कवळीत घेऊन त्याला झटक्यात खाली आणण्याचा हा डाव त्यांनी घोटून घोटून पक्का केला.

या चार वर्षांत आणखी एक मोठा बदल झाला होता. 1949 साली कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. लोकशाहीच्या दृष्टीने ते योग्यच होते. पण कुस्तीला पोसणारा राजाश्रय त्याबरोबर आटला आणि त्याची जागा घेणारी सरकारी व्यवस्था अजून उभी राहायची होती. खाशाबा नेमके या दोन काळांच्या फटीत सापडले.

हेलसिंकीच्या आधी दैवाने पुन्हा पाठ फिरवली. मद्रासच्या राष्ट्रीय स्पर्धेत निरंजन दास यांच्यापेक्षा एका गुणाने ते मागे ठरले आणि निवडीतून बाहेर पडले. हा एक गुण आपल्याला मुद्दाम कमी दिला गेला, अशी त्यांची तक्रार होती. एखाद्याने कपाळावर हात मारून घेतला असता. खाशाबांनी दाद मागितली, तीही पतियाळाच्या महाराजांकडे. महाराज यादवेंद्रसिंह भारतीय ऑलिंपिक संघटनेचे अध्यक्ष होते आणि खेळाचे दर्दीही. त्यांनी चाचणी कुस्तीची संधी मिळवून दिली. खाशाबांनी तिथे प्रतिस्पर्ध्याला खाली घेऊन निवडीचा प्रश्न कायमचा मिटवला.

निवड झाली, पण जायचे कसे? मुंबई सरकारकडे मदत मागितली, ती मिळाली नाही. तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. गोळेश्वरच्या आणि आसपासच्या लोकांनी आपापल्या ऐपतीप्रमाणे भर घातली. त्या काळातले सात हजार म्हणजे काय, हे आजच्या मुलांना सांगूनही खरे वाटणार नाही. एका विद्यार्थ्याच्या कुस्तीवर आपल्या डोक्यावरचे छप्पर लावणारा प्राचार्य मिळणे, हे खाशाबांचे नशीब खरेच. मात्र ते नशीब आकाशातून पडलेले नव्हते. ते एका माणसाने विचार करून, कागदावर सही करून त्यांच्या हाती दिले होते.

आता हेलसिंकीची गंमत पाहा. आपल्याकडच्या दंगलीत हरला तो बाहेर, जिंकला तो पुढे. तिथला हिशेब उलटा होता. तिथे दंडाचे गुण मोजत. चितपट करून जिंकले तर दंड नाही, गुणांवर जिंकले तर जिंकूनही थोडा दंड, हरले तर मोठा दंड. दंडाची मर्यादा ओलांडली की गडी स्पर्धेतून बाद. शेवटी जे तिघे उरत, त्यांच्यात पदके वाटली जात. त्यामुळे कोण कुठे आहे, कुणाला कुणाशी लढायचे आहे, हे मॅटच्या कडेला कागद-पेन्सिल घेऊन बसलेल्या जाणत्या माणसालाच कळायचे. लढणाऱ्याला घाम पुसण्यापलीकडे सवड नसे.

खाशाबांनी कॅनडाच्या आणि मेक्सिकोच्या मल्लांना चितपट केले, म्हणजे दंडाचे खाते कोरे ठेवले. जर्मनीच्या फर्डिनांड श्मिट्झशी मात्र चुरस झाली आणि पंचांनी निसटता कौल खाशाबांच्या बाजूने दिला. वर ज्या दंडाच्या हिशेबाची गोष्ट सांगितली, तो इथे कामाला आला. आधीच्या निकाली कुस्त्यांची पुंजी गाठीशी होती, म्हणून खाशाबा शेवटच्या तिघांत पोहोचले. तेव्हा शेवटी हरूनही पदक मिळाले ते नशिबाने, असे म्हणणाऱ्यांनी ही पुंजी कुणी जमवली, हेही पाहिले पाहिजे.

उरलेले दोघे होते जपानचे शोहाची इशी आणि सोव्हिएत संघाचे रशीद मम्मदबेयोव. इशी मूळचे ज्युदोचे खेळाडू. युद्धानंतर जपानमध्ये ज्युदोवर बंधने आली म्हणून ते कुस्तीकडे वळले. दैवाचे फासे त्यांच्याही आयुष्यात कसे पडले ते पाहण्यासारखे आहे. हेलसिंकीत जपानला मिळालेले एकमेव सुवर्ण याच इशींचे. त्यांच्याशी खाशाबांची कुस्ती पंधराएक मिनिटे रंगली आणि खाशाबा गुणांवर हरले. अंगातला घाम वाळण्याआधीच त्यांना सोव्हिएत मल्लाशी लढायला पुकारले गेले, अशी हकीकत आहे. नियमाप्रमाणे दोन कुस्त्यांमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती मिळायला हवी होती. पण ती मागायची कुणी? परक्या देशात, परक्या भाषेत, थकलेल्या मल्लाच्या वतीने नियमाचे पुस्तक पंचांसमोर उघडणारा भारतीय अधिकारी तिथे हजर नव्हता. खाशाबा तसेच मॅटवर उतरले आणि हरले.

याच स्पर्धेत वरच्या गटात कोल्हापूरचेच केशव माणगावे चौथे आले. एकाच मातीतले दोन मल्ल, एक तिसरा आणि एक चौथा. तिसऱ्याचे नाव आज शाळेतल्या मुलांनाही ठाऊक आहे, चौथ्याचे नाव जाणकारांपुरते उरले. नशिबाची क्रूर रेघ कुठली असेल, तर ती तिसऱ्या आणि चौथ्या क्रमांकाच्या मधली.

खाशाबा परतले तेव्हा त्यांच्या स्वागताला शंभराहून अधिक बैलगाड्या निघाल्या. काही मिनिटांच्या वाटेला कित्येक तास लागले. हा आनंद ओसरल्यावर खाशाबांनी काय केले, ते मला पदकाइतकेच मोलाचे वाटते. त्यांनी दंगली भरवल्या, त्यात स्वतः लढले आणि मिळालेल्या पैशातून खर्डेकरांचे घर सोडवून दिले.

1955 साली ते पोलीस खात्यात फौजदार म्हणून रुजू झाले. गुडघ्याच्या दुखापतीने मेलबर्नचे ऑलिंपिक हुकले. सत्तावीस वर्षे नोकरी करून सहायक पोलीस आयुक्त म्हणून ते निवृत्त झाले. निवृत्तिवेतनासाठीही त्यांना झगडावे लागले, असे सांगतात. 1982 च्या दिल्ली आशियाई खेळांत मशाल नेणाऱ्यांत त्यांना मान मिळाला. 1984 च्या ऑगस्टमध्ये लॉस एंजेलिसला पी. टी. उषाचे पदक सेकंदाच्या शंभराव्या भागाने हुकले आणि सारा देश हळहळला. त्यानंतर सहाच दिवसांनी, 14 ऑगस्टला, रस्ता अपघातात खाशाबा गेले. अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला तो मरणोत्तर, 2000 साली. त्यांच्यानंतरचे वैयक्तिक पदक यायला लिअँडर पेसपर्यंत, म्हणजे 1996 पर्यंत, चव्वेचाळीस वर्षे वाट पाहावी लागली. आज त्यांचा जन्मदिवस राज्याचा क्रीडा दिन म्हणून साजरा होतो.

1952 च्या त्या जुलैत आमचा भंडारा जिल्हा मुंबई राज्यात नव्हता, मध्य प्रदेशात होता. इथले शेतकरी धानाच्या रोवणीत गुंतलेले असणार. हेलसिंकी कुठे आहे हे कुणाला ठाऊक असायचे कारण नव्हते. पण खाशाबांची गोष्ट मला कोल्हापूरइतकीच लाखनीची वाटते. दिवाळीनंतरच्या मंडईत गर्दी खेचणारी, शाळेच्या मैदानावर कबड्डीत चमकणारी पोरे आमच्याकडे कमी नाहीत. एकदा जिल्ह्याच्या एका स्पर्धेत एका चांगल्या मुलाला वयाच्या दाखल्यावरून बाद होताना मी पाहिले. दाखला होता, पण तो संघासोबत आलेल्या जबाबदार गृहस्थांच्या पिशवीत आणि गृहस्थ चहाला गेलेले. ते परतले तेव्हा पुकारा होऊन गेला होता. मुलाचे नशीब खोटे, असे म्हणत सारे घरी गेले.

खाशाबांच्या चरित्रातून नशीब वेगळे काढून पाहा, प्रत्येक ठिकाणी एक माणूस सापडेल. दार उघडणारे प्राचार्य, दाद ऐकणारे महाराज, वर्गणी देणारे गावकरी. आणि मॅटच्या कडेची ती रिकामी जागा, जिथे कुणीतरी असायला हवे होते. मेहनत पोरांनी करायची, तिच्यात आपल्याला वाटा घेता येत नाही. त्यांच्या नशिबात मात्र आपला मोठा वाटा असतो. तेव्हा पुढच्या वेळी आपल्या गावचा मुलगा किंवा मुलगी तालुक्याला, जिल्ह्याला खेळायला जाईल, तेव्हा नियमांची पुस्तिका खिशात घालून सोबत कोण जाणार आहे आणि शेवटच्या पुकाऱ्यापर्यंत जागेवर कोण बसणार आहे, एवढे आधी ठरवून ठेवावे.