अंधारातली लेणी काचेवर उतरवणारा गिल साहेब

अजिंठा गावातली बारादरी बऱ्याच जणांनी पाहिलीय. तिथं राहणारा गोरा साहेब म्हणजे रॉबर्ट गिल. त्याचं नाव निघालं की लगेच पारोची गोष्ट सुरू होते. पण त्याने लेण्यांत केलेलं काम त्या गोष्टीपेक्षा मोठं आहे, आणि त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

गिल 1804 चा. मद्रासच्या फौजेत कॅप्टन, पण हात चित्रकाराचा. 1844 मध्ये कंपनी सरकारने त्याला अजिंठ्याला धाडलं. काम एकच, भिंतींवरची चित्रं हुबेहूब उतरवून लंडनला पाठवायची. तेव्हा हा मुलूख निजामाचा. लेण्यांत वटवाघळं, ओल, पोपडे धरलेला गिलावा. चित्रं डोळ्यांदेखत झडत होती.

सुमारे वीस वर्षं त्याने मोठमोठ्या कापडांवर तैलरंगात नकला केल्या. त्या लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये टांगल्या गेल्या. डिसेंबर 1866 मध्ये तिथं आग लागली. जवळजवळ सगळं जळालं, बोटांवर मोजण्याइतकी चित्रं वाचली. साठी ओलांडलेल्या माणसाची उमेदीची वर्षं एका आगीत गेली!

मात्र आगीच्या दहा वर्षं आधी, 1856 च्या सुमारास, त्याच्या हाती कॅमेरा आला होता.

आता मोबाइलवर बोट टेकवलं की झालं. तेव्हाची रीत अशी, की काचेवर चिकट रसायन पसरायचं, ती चांदीच्या द्रावणात बुडवायची आणि ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून फोटो काढायचा. काच वाळायच्या आत अंधाऱ्या तंबूत धुवायचीही. वैशाखात आपल्याकडे धुणं किती वेळात वाळतं ते सांगायला नको, त्यात काचेची काय कथा!

उजेडाचा तर वांधाच. बाहेर रणरणतं ऊन, आत मिट्ट काळोख. दार नीट दिसेल असं धरलं तर आतलं काळं, आतलं धरलं तर दार पांढरंफटक. त्यात तेव्हाच्या काचेला तांबडा-पिवळा रंग जवळजवळ दिसतच नसे, आणि अजिंठ्याची चित्रं गेरू आणि पिवळ्या मातीचीच. ती फोटोत काळीच उमटणार. म्हणून कॅमेरा खरा चालला तो खांब, मूर्ती आणि दर्शनी कमानींवर.

दोन भिंगांचा कॅमेरा वापरून तो जोडफोटो काढी. खास चष्म्यातून पाहिलं की खांबामागचा खांब वेगळा उठून दिसे. जेम्स फर्ग्युसन या अभ्यासकाच्या मजकुरासह 1864 मध्ये त्याच्या फोटोंची दोन पुस्तकं लंडनला निघाली, एकात 74 फोटो, दुसऱ्यात 100. अजिंठा, वेरूळच नव्हे, लोणारची देवळंही त्याने टिपली. दीडशे वर्षांपूर्वी कुठला खांब तुटलेला होता, कुठली मूर्ती शाबूत होती, हे आज त्यावरून ताडून पाहता येतं. नकला जळाल्या, फोटो मात्र राहिले.

आगीनंतरही गिल इथून हलला नाही, पुन्हा लेण्यांत कामाला लागला. 1879 मध्ये आजारी पडला, भुसावळला नेताना वाटेतच गेला. त्याची कबर भुसावळला आहे. पारो 23 मे 1856 रोजीच गेली होती, कॅमेरा आला त्याच साली. तिची कबर अजिंठा गावातच आहे.