गुलाम ते खासदार : रॉबर्ट स्मॉल्स

जोतिबांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेतल्या गुलामांना सोडवणाऱ्या लोकांना अर्पण केले, हे आपल्याला ठाऊक आहे. पण सुटल्यावर त्या गुलामांचे पुढे काय झाले, हे आपण फारसे विचारत नाही. म्हणून आम्ही इथे रॉबर्ट स्मॉल्स यांची हकीकत मांडत आहोत.

अमेरिकेच्या दक्षिणेत साउथ कॅरोलिना राज्य आहे. तिथल्या ब्यूफर्ट गावी ५ एप्रिल १८३९ रोजी मालकाच्या घरामागच्या खोपटात त्यांचा जन्म झाला. आई लिडिया गुलाम, म्हणून लेकरूही गुलाम. बाराव्या वर्षी मालकाने त्यांना चार्ल्सटन बंदरात मजुरीला लावले. आधी रस्त्यावरचे दिवे लावले, हॉटेलात वाढपी झाले, मग गोदीत राबले. मजुरी मालकाची, यांच्या हाती आठवड्याला एक डॉलर! आम्हीही गिरणीत घाम गाळला, पण पगार आमच्या हातात पडत होता. इथे तर माणूसच मालकाचा. बायको हॅना आणि मुलगी यांना सोडवायला ८०० डॉलर हवे होते. गाठीला होते १००.

१८६० साली त्या राज्यात सात लाख लोक होते, पैकी चार लाखांवर गुलाम. गुलामगिरी जाईल या भीतीने तिथल्या गोऱ्या मळेवाल्यांनी २० डिसेंबर १८६० रोजी देशातून फुटून निघण्याचा ठराव केला. फुटणारे ते पहिलेच राज्य. एप्रिल १८६१ मध्ये चार्ल्सटनच्या फोर्ट सम्टर किल्ल्यावर त्यांनी तोफा डागल्या आणि यादवी युद्ध पेटले.

स्मॉल्स तेव्हा बंडखोरांच्या 'प्लँटर' आगबोटीचे सुकाणू धरत. १३ मे १८६२ च्या पहाटे गोरे अधिकारी किनाऱ्यावर झोपले होते. स्मॉल्सनी कप्तानाची टोपी डोक्यावर चढवली, बायकापोरांना बोटीवर घेतले आणि किल्ल्यासमोर शिट्टीची ठरलेली खूण बिनचूक दिली. पहारेकऱ्यांना वाटले, कप्तानच चाललाय! पुढे पांढरी चादर फडकावून बोट सरकारी आरमाराच्या हवाली केली. सोळा जीव सुटले. पुढे ते त्याच बोटीचे कप्तान झाले. ज्या घरामागे जन्मले, ते मालकाचे घरही त्यांनी विकत घेतले.

१८६५ ला युद्ध संपले, गुलामगिरी गेली. १८६८ ला राज्याची नवी घटना लिहायला जी सभा बसली, तिच्यात निम्म्याहून अधिक सभासद काळे होते. स्मॉल्स त्यांत होते. पंचविशीत स्वतः अक्षर शिकलेल्या या माणसाने सर्वांना मोफत शाळा मागितली, आणि ती घटनेत आली. मग ते आमदार झाले, १८७५ ला देशाच्या संसदेत गेले.

पण जुने मालक गप्प बसले नव्हते. १८७६ च्या निवडणुकीत लाल सदरे घातलेल्या हत्यारबंद टोळ्या फिरल्या, हॅम्बर्ग गावी काळ्यांचे खून पडले. १८७७ ला केंद्राने संरक्षणाचे सैन्य मागे घेतले आणि राज्य पुन्हा मालकवर्गाच्या हाती गेले. १८९५ च्या घटनासभेत काळे सभासद उरले फक्त सहा. वाचून दाखवा, अर्थ सांगा नाहीतर ३०० डॉलरची मालमत्ता दाखवा, शिवाय कर भरा, अशा अटींनी काळ्यांचे मत काढून घेतले. स्मॉल्स भर सभेत लढले, हरले. पण त्या घटनेवर सही केली नाही ती नाहीच.

२३ फेब्रुवारी १९१५ रोजी ते वारले. बाबासाहेब त्या वेळी न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. काळ्यांच्या मताला खरे कायद्याचे संरक्षण मिळायला १९६५ साल उजाडले. २०२३ साली अमेरिकी आरमाराने एका युद्धनौकेला स्मॉल्स यांचे नाव दिले.

बंधू-भगिनींनो, आम्हाला यातून एकच कळले. हक्क मिळवायला एक पिढी झिजते, तो राखायला प्रत्येक पिढीला जागावे लागते. १८६८ ला मिळालेले मत सत्तावीस वर्षांत गेले. मतदारयादीत आपले नाव आहे का, पोरगी शाळेत जाते का, हे ज्याने त्याने आजच घरी जाऊन बघावे.