संत मुक्ताबाई आणि चांगदेवांचे कोरे पत्र

संत मुक्ताबाईंचा जन्म परंपरेने शके १२०१ (इ.स. १२७९) हा मानला जातो, काही अभ्यासक शके ११९९ हे वर्ष स्वीकारतात. शके १२१९ (इ.स. १२९७) मध्ये त्या अंतर्धान पावल्या. म्हणजे कोणतीही गणना घेतली, तरी विशीच्या आसपासच संपलेले हे आयुष्य आहे. त्यातील ज्या प्रसंगाने महाराष्ट्राच्या लोकस्मृतीत सर्वाधिक जागा व्यापली, तो चांगदेवांशी झालेल्या सामन्याचा.

वडील विठ्ठलपंत आपेगावचे. संन्यास घेऊन काशीस गेलेले आणि गुरूच्या आज्ञेने पुन्हा संसारात परतलेले. संन्याशाची मुले म्हणून निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान व मुक्ता या चौघांना आळंदीच्या ब्रह्मवृंदाने वाळीत टाकले. आईवडिलांनी देहान्त प्रायश्चित्त घेतले, तेव्हा मुक्ताबाई अगदी लहान होत्या. मांडे भाजण्यासाठी कुंभाराकडून परळ मिळू नये, अशी व्यवस्था विसोबांनी केल्याची कथा प्रसिद्धच आहे. कथेतील चमत्कार क्षणभर बाजूला ठेवला, तरी गावात मातीचे भांडेही न मिळणे म्हणजे काय, हे आपण समजून घेतले पाहिजे. पुढील सामन्यात एका बाजूला उभी आहेत ती ही मुले.

दुसऱ्या बाजूला चांगदेव आहेत. तापीतीरावरील हे योगी योगबळाने चौदाशे वर्षे जगले आणि त्यांच्याभोवती शिष्यांचा मोठा समुदाय होता, असे परंपरा सांगते. ज्ञानदेवांची कीर्ती कानी येताच त्यांनी पत्र लिहावयास घेतले. पण लेखणी मायन्यापाशीच अडली. वयाने पाहता ही मुले चिरंजीव ठरतात, ज्ञानाने पाहता तीर्थरूप. निर्णय होईना, तेव्हा त्यांनी कोरा कागदच पाठविला. भाषेच्या अभ्यासकाला ही गोष्ट विशेष लक्षणीय वाटते. मराठीत आदरार्थी रूप निवडल्यावाचून पत्राची पहिली ओळदेखील लिहिता येत नाही. चौदाशे वर्षांच्या तपस्व्याचा अहंकार कथाकारांनी नेमका व्याकरणाच्या या चिमटीत पकडला आहे.

तो कागद पाहून मुक्ताबाईंनी निदान केले, की इतकी वर्षे तप करूनही हा योगी कोराच राहिला. निवृत्तिनाथांच्या सांगण्यावरून ज्ञानदेवांनी पासष्ट ओव्यांचे उत्तर लिहिले, तीच चांगदेवपासष्टी. तिचा आरंभ मंगलवाचक शब्दाने होतो आणि लगेच विश्वात लपलेल्या परतत्त्वाकडे वळतो. थोरला-धाकटा ठरविणारा मायना तेथे नाहीच. चांगदेवांना न सुटलेला प्रश्न उत्तराने असा ओलांडून टाकला.

यानंतर चांगदेव भेटीस निघाले, ते वाघावर स्वार होऊन आणि हाती सर्पाचा आसूड घेऊन. कसाल-मालवण भागात जत्रेतील दशावतार पाहिलेल्या विद्यार्थ्यांना हा प्रवेश डोळ्यांसमोर आणणे कठीण जाणार नाही. पखवाज आणि झांजेच्या गजरात गर्विष्ठ राजा रंगमंचावर येतो, तोच हा थाट. भावंडे त्या वेळी एका पडक्या भिंतीवर बसली होती. पाहुण्याला सामोरे जाण्यासाठी ज्ञानदेवांनी भिंतीलाच चालविले. सजीवावर सत्ता चालविणाऱ्याला निर्जीवाने उत्तर दिले आणि चांगदेव वाघावरून उतरले.

हा कथाबंध केवळ आपल्याकडचा नाही. तेराव्या शतकातील अनातोलियाचे, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातील सूफी संत हाजी बेक्ताश वली यांच्याविषयीही अशीच कथा सांगतात. सिंहावर बसून सापाचा चाबूक घेऊन आलेल्या अवलियाला ते भिंतीवर, काही कथनांत खडकावर, बसून सामोरे गेले. आळंदीची भिंत म्हणूनच इतिहासाचा पुरावा म्हणून वाचू नये. मराठी कथेचे वेगळेपण भिंतीच्या पुढे सुरू होते आणि तेथे मुक्ताबाई येतात.

परंपरा सांगते, की मुक्ताबाई स्नान करीत असता चांगदेव तेथे आले आणि संकोचून मागे फिरले. मुक्ताबाईंनी त्यांना निगुरा ठरविले: गुरू भेटला असता, तर स्त्री-पुरुष हा भेद दृष्टीत उरला नसता. जो योगी चौघांना कोणत्या नावाने हाक मारावी हे ठरवू शकला नाही, त्याने अखेर त्यांतील सर्वांत धाकटीला गुरू मानले. माझ्या मते सामन्याचा निकाल येथे लागतो. भिंतीने चांगदेवांना थक्क केले. पालटविले ते मुक्ताबाईंनी. तरीही सामान्य स्मरणात भिंतच राहिली. १९४० साली आलेल्या प्रभातच्या संत ज्ञानेश्वर या चित्रपटाने तर ती पडद्यावर चालविली आणि पिढ्यान्पिढ्या तेच दृश्य मनात ठसले.

मुक्ताबाईंची वाणी मात्र अभंगांत टिकली. रुसून झोपडीची ताटी लावून बसलेल्या ज्ञानदेवांना उद्देशून रचलेले ताटीचे अभंग त्यांच्या नावावर आहेत. तेथेही धाकटी बहीण थोरल्या भावाला समजावते. एका कूट अभंगात त्यांनी मुंगीने सूर्याला गिळल्याची प्रतिमा योजिली आहे. चांगदेवांची कथा शेजारी ठेवून तो अभंग वाचावा. लहान-मोठ्याचा क्रम उलटविण्याची ओढ दोन्हीकडे सारखीच दिसते. विशीही न गाठलेल्या या मुलीला संप्रदायाने मुक्ताई म्हटले. विठाई या रूपात दिसणारा आई हा प्रत्यय तिला लागला आणि मायन्याचा प्रश्न लोकांनी आपल्यापुरता सोडविला.

१२९६ मध्ये ज्ञानदेवांनी आळंदीस समाधी घेतली. पाठोपाठ सोपानदेवांनी सासवडला. पुढच्या वैशाखात तापीकाठी वीज कडाडली आणि मुक्ताबाई दिसेनाशा झाल्या, असे सांगतात. जळगाव जिल्ह्यातील कोथळी येथील त्यांच्या मंदिरातून दरवर्षी आषाढी वारीसाठी पालखी पंढरपूरला निघते. तेथून जवळच तापी-पूर्णा संगमावर चांगदेवांचे प्राचीन मंदिर आहे. ते मंदिर ज्या तालुक्यात येते, त्याचे जुने नाव एदलाबाद. आज तो मुक्ताईनगर तालुका आहे.