ख्रिस्ताला माउली मानणारे रेव्हरंड टिळक

राखेच्या बुधवारी उपवासकाळ सुरू झाला, की मराठी ख्रिस्ती घरांतून रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या भजनांची आठवण हटकून होते. १८६१ मध्ये कोकणात करजगावी जन्मलेल्या टिळकांचे बालपणीचे शिक्षण भिवंडीशेजारच्या कल्याणात झाले. १८७३ मध्ये आई गेली आणि घर सुटले. १८९३ मध्ये रेल्वेप्रवासात एका युरोपीय सहप्रवाशाने ‘नवा करार’ त्यांच्या हाती दिला. १८९५ मध्ये मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्याची किंमत मोठी होती. पत्नी लक्ष्मीबाई सुमारे पाच वर्षे दुरावल्या. तुकोबांचा अभंग मात्र टिळकांनी सोडला नाही. त्याच अभंगातून ते ख्रिस्ताला माउली म्हणून आळवत राहिले. १९१७ मध्ये मिशनची चाकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ उभारला. १९१९ मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य अपुरेच होते. ते पूर्ण केले लक्ष्मीबाईंनी.