नदीचं पाणी वाटायचं तर आधी मोजावं लागतं : बाबासाहेबांचं कमी सांगितलं जाणारं काम

पावसाळा आला की मानखुर्दपासून बोरिवलीपर्यंतच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सात तलावांच्या पाणीसाठ्याचे आकडे फिरायला लागतात. तिकडे सांगली-कोल्हापुरात लोक कोयना आणि अलमट्टीच्या विसर्गावर डोळा ठेवून असतात. नदीच्या पाण्याचा असा हिशोब देशपातळीवर ठेवणारी यंत्रणा उभी राहिली १९४५ मध्ये. तेव्हा ते खातं होतं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे.

बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ चा, महूचा. शाळेत त्यांना नळाला हात लावायची मुभा नव्हती. शिपायानं नळ सोडला तरच पाणी, नाहीतर तहान. १९०१ मध्ये त्यांचे वडील खटाव तालुक्यात दुष्काळी कामावर कॅशियर होते. ते काम होतं तलाव खोदण्याचं. वडिलांना भेटायला निघालेली ही मुलं मसूर स्टेशनवर उतरली. बैलगाडीच्या त्या प्रवासात जवळ जेवण होतं, पण जात कळल्यावर पाणी कोणी देईना. रात्र तशीच काढावी लागली.

पुढं कोलंबिया विद्यापीठात त्यांनी ब्रिटिश हिंदुस्थानात केंद्र आणि प्रांत यांच्यात पैशाची वाटणी कशी होते, यावर प्रबंध लिहिला. परत आल्यावर २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह केला. प्रकरण कोर्टात गेलं आणि दहा वर्षं चाललं. अस्पृश्यांना तळ्यावर येऊ न देण्याची प्रथा अनादी काळापासून आहे, हे विरोधकांना सिद्ध करता आलं नाही. १९३७ मध्ये मुंबई हायकोर्टाचा निकाल बाबासाहेबांच्या बाजूनं लागला.

१९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. पाटबंधारे आणि वीज हे विषयही याच खात्याकडे होते. अडचण अशी होती की, १९३५ च्या कायद्यानं पाणी प्रांतांच्या ताब्यात दिलेलं. प्रत्येक प्रांत नदीचा आपल्या हद्दीतला तुकडा तेवढा बघायचा.

१९४३ मध्ये दामोदर नदीला महापूर आला आणि कलकत्त्याकडे जाणारी रेल्वे तुटली. नदी उगम पावते तेव्हाच्या बिहार प्रांतात, बुडतो बंगाल. धरण बिहारमध्ये बांधायचं, फायदा बंगालला, मग खर्च कुणाचा आणि पाणी कुणाचं? जानेवारी १९४५ मध्ये बाबासाहेबांनी दोन्ही प्रांतांना कलकत्त्यात एकत्र बसवलं. समोर नमुना होता अमेरिकेतल्या टेनेसी खोऱ्याचा. प्रांताची हद्द बाजूला ठेवून अख्खं खोरं एक धरायचं, ही त्यामागची कल्पना. त्यातूनच १९४८ मध्ये दामोदर खोरे महामंडळ उभं राहिलं.

पण खोरं एक धरायचं तर पाऊस किती, पूर किती, उन्हाळ्यात प्रवाह किती, हे माहीत हवं. म्हणून एप्रिल १९४५ मध्ये केंद्रीय जलमार्ग, पाटबंधारे आणि नौकानयन आयोग स्थापन झाला. अध्यक्ष होते इंजिनिअर ए. एन. खोसला. माहिती गोळा करणं, योजना आखणं आणि प्रांतांमध्ये समन्वय ठेवणं, हे त्याचं काम. आजचा केंद्रीय जल आयोग तो हाच.

संविधान लिहिताना हा प्रश्न पुन्हा आला. पाणी राज्यांकडेच राहिलं, पण आंतरराज्य नद्यांचं नियमन करायचा अधिकार संसदेला मिळाला. राज्यांमधले पाणीतंटे कसे सोडवायचे, यासाठी कलम २६२ आलं. त्याच कलमाखाली १९५६ मध्ये आंतरराज्य जलविवाद कायदा झाला. त्याच वर्षी ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले.

या कायद्यानुसार १९६९ मध्ये कृष्णा खोऱ्यासाठी बच्छावत लवाद नेमला गेला. लवादानं नदीच्या प्रवाहाच्या जुन्या नोंदी तपासल्या आणि शंभरातल्या ७५ वर्षी किमान किती पाणी मिळेल हे काढलं. आकडा आला २०६० टीएमसी. त्यातलं ५६० महाराष्ट्राला, ७०० कर्नाटकला आणि ८०० आंध्र प्रदेशला मिळालं. म्हणजे शेतकऱ्याच्या पाटात किती पाणी येणार, हे ठरलं ते नोंदवहीतल्या आकड्यांवरून.

२००२ मध्ये या कायद्यात दुरुस्ती झाली. प्रत्येक नदीखोऱ्याची माहिती साठवणारी राष्ट्रीय डेटा बँक केंद्रानं ठेवायची आणि तिला राज्यांनी माहिती पुरवायची, असं ठरलं. आता कृष्णा आणि भीमा खोऱ्यांत पाऊस आणि पाणीपातळी मोजणारे सेन्सर आहेत, आकडे थेट कॉम्प्युटरवर येतात.

तरीही २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर बुडालं तेव्हा वाद पेटला तो अलमट्टीतून कधी आणि किती पाणी सोडलं यावरच. सेन्सर पातळी मोजतो, पण दरवाजे कधी उघडायचे हे माणसं ठरवतात. त्यासाठी वरच्या राज्याचा आकडा खालच्या राज्याला आणि खालचा वरच्याला वेळेत कळावा लागतो. नाहीतर वरच्यानं सोडलेलं आणि खालच्यानं अडवलेलं पाणी मधल्या गावांत शिरतं.