शेपटी हलवणारे कोल्हे

माझा आवडता शास्त्रज्ञ विचाराल तर मी दिमित्री बेल्यायेवचं नाव घेईन. जन्म १९१७, रशिया. थोरला भाऊ निकोलाय जनुकशास्त्रज्ञ. स्टालिनच्या राजवटीने १९३७ साली त्याला गोळी घातली. १९४८ मध्ये जनुकशास्त्रावरच बंदी आली आणि दिमित्रीचं विभागप्रमुखपद गेलं. दुसरा कुणी असता तर विषयच सोडला असता!

याच्या डोक्यात मात्र एकच प्रश्न, लांडग्याचा कुत्रा झाला कसा? १९५९ साली ल्युडमिला त्रुत या तरुण संशोधिकेला घेऊन त्याने सायबेरियात रुपेरी कोल्ह्यांवर प्रयोग मांडला. कागदोपत्री मात्र तो शरीरक्रियेचा अभ्यास! नियम साधा. माणसाला न घाबरणारे, न चावणारे कोल्हे निवडायचे, त्यांचीच पिल्लं वाढवायची. चौथ्या पिढीत एक पिल्लू माणूस बघून चक्क शेपटी हलवू लागलं. पुढे कुणाचे कान लोंबले, कुणाची शेपटी वळली. यातली काही लक्षणं फार्मच्या कोल्ह्यांत आधीपासूनच होती, असा आक्षेप २०१९ मध्ये आला. पण स्वभाव पिढ्यान्‌पिढ्या उतरतो, हे काही खोटं ठरलं नाही.

१९८५ ला बेल्यायेव गेला, प्रयोग पुढे चालूच राहिला. सबमिशनच्या आदल्या रात्री फाइल उतरवणाऱ्या आपण सगळ्यांनी, ज्या विषयापायी भाऊ गेला त्याच विषयाला आयुष्य देणारा हा माणूस एकदा तरी आठवावा, असं मला वाटतं.